७४ टेस्टचं ‘लेडीज हार्ट पॅकेज’ आणि माळ्यावरचं डिस्चार्ज कार्ड

पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातला अर्धा उपम्याचा आहे हे आधीच सांगून टाकते.

हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. पुण्यातलंच, मोठं, काचेचं, खाली कॉफीचं दुकान असलेलं. मला कुणाशी भांडण नकोय आणि तसंही हे गुलाबी पॅकेज आता सगळीकडेच मिळतं, नाव तेवढं बदलतं. तेव्हा हा रिव्ह्यू त्या एका हॉस्पिटलचा कमी आणि पॅकेजचा जास्त समजा.

झालं असं की फेब्रुवारीत साताऱ्याच्या मोठ्या जाऊबाईंना अटॅक आला. वय ५८. आणि तो अटॅक आहे हे कळायलाच चौथा दिवस उजाडला. तीन दिवस त्यांचा डावा जबडा ठणकत होता आणि जिना चढलं की पार गळून जायच्या, मग दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जाऊन एक्सरे काढून आल्या, मळमळतंय म्हणून ओवा खाल्ला, तिसऱ्या रात्री दरदरून घाम फुटला तर भाऊजी म्हणाले पाळी गेल्यापासून तुझं हे चालूच असतं, पंखा वाढवतो. भाऊजींना बोलायला मला तोंड नाही कारण फोनवर मीसुद्धा ‘ताई, ॲसिडिटी असेल हो’ असंच म्हणाले होते. चौथ्या दिवशी ईसीजी, रात्री स्टेंट. आता बऱ्या आहेत. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीत दुखणं बायकांनाही होतंच, पण त्याच्या जोडीला जबडा, पाठ, मळमळ, दम, थकवा असलं पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि मग छातीतलं बाजूला राहतं आणि बाई ओवा खात बसते. ‘ओवा’ हा शब्द त्यांनी वापरला नाही, तो माझा.

हे ऐकून हिंजवडीतल्या माझ्या लेकीने मे महिन्यात मदर्स डेच्या ऑफरमध्ये मला हे पॅकेज बुक करून टाकलं. ४,९९९ रुपये, शेजारी ११,००० खोडलेले. तुळशीबागेतसुद्धा एवढं खोडून दाखवत नाहीत. ७४ टेस्ट! मी म्हटलं एवढं काय काय आहे माझ्यात तपासण्यासारखं, तर नंतर कळलं की युरीनचा रंग, युरीनचा वास, युरीनचं प्रमाण अशा वेगवेगळ्या तीन टेस्ट धरतात. लग्नाच्या जेवणात मीठ, लिंबू आणि पाणी वेगवेगळे पदार्थ म्हणून मोजावेत तसं.

सकाळी साडेसातला उपाशीपोटी पोचले. टोकन ४१. आधी चांगलं लिहिते. रक्त काढणारी सिस्टर म्हणजे हात होता की काय, एका टोचण्यात झालं, आणि माझ्या शिरा भल्याभल्यांना सापडत नाहीत. ‘काकू, झालं पण’ म्हणाली तेव्हा मी अजून डोळे मिटून होते. टॉयलेट स्वच्छ होतं, साबण होता, कडी लागत होती. सोनोग्राफीला वेळेवर घेतलं, ज्यांनी पाणी पिऊन दीड तास खुर्चीत मांडी आवळून काढलाय त्यांना याची किंमत कळेल. रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाईलवर. आणि रक्त दिल्यावर जे कूपन मिळतं त्यावर उपमा, गरम, वर खोबरं कोथिंबीर, कढीपत्ता नीट परतलेला. दोन स्टार हे सगळं मिळून आणि अर्धा उपम्याला वेगळा.

आता टीएमटी. म्हणजे पट्ट्यावर चालायची टेस्ट. बूट आणा असं मेसेजमध्ये कुठेही नव्हतं. मी आपली सँडल घालून गेले तर म्हणाले अनवाणी चाला. तो पट्टा दर तीन मिनिटांनी वेगही घेतो आणि चढही वाढवतो, पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी दर महिन्याला एकदा चढते त्यामुळे दमाचं काही वाटलं नाही, पण घामाने तळवे सरकायला लागले आणि मी समोरचा दांडा असा काही धरला की त्याचे वळ हातावर. छातीला दहा वायरी चिकटवलेल्या, पुढून उघडा गाऊन, आणि टेक्निशियन पुरुष. पोरगा बिचारा सभ्य होता, मान खाली घालून काम करत होता, पण मी विचारलं लेडीज कोणी आहे का तर म्हणाला मॅडम त्या आज सुट्टीवर. लेडीज पॅकेज, मदर्स डे, भिंतीवर गुलाबी हृदय आणि वायरी लावायला एक बाई नाही. (नंतर त्या जेलीचे चट्टे दोन दिवस निघाले नाहीत, खोबरेल लावा, निघतात.)

टेस्टच्या शेवटी कागद फाडून त्याने कोणाला तरी दाखवला आणि रिपोर्टवर आलं ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शंका. दहा मिनिटांत टाय लावलेला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला, तो डॉक्टर नव्हे, हॉस्पिटलचाच काहीतरी मॅनेजर, आणि अँजिओग्राफीचं एस्टिमेट दाखवायला लागला. ‘उद्या सकाळचा स्लॉट आहे मॅडम, इन्शुरन्स आहे ना?’ माझ्या तोंडाला कोरड पडली. नवरा बाहेर गाडीत बसून पेपर वाचत होता, त्याला फोन केला तर लागेना.

मग डॉक्टर. पॅकेजमधलं ‘हृदयरोग तज्ज्ञांशी सविस्तर सल्लामसलत’ हे सात मिनिटांत आटोपलं, मी घड्याळ बघितलं होतं. डायबिटीस? नाही. सिगारेट? नाही हो. वडिलांना अटॅक? हो, ७१ व्या वर्षी. बस. फॉर्मवर मेनोपॉज समोर ‘हो’वर टिक होती, त्यावरून त्यांची नजर फक्त सरकली. बीपी १४२/८८, ‘टेन्शनने असेल’. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १५८, ‘तेलकट कमी करा’. आमच्याकडे दोघांना महिन्याला दीड लिटर तेल लागतं. आणि टीएमटी पॉझिटिव्ह आहे तर अँजिओग्राफी करून घ्या.

७४ मधला एक मोठा गठ्ठा होता हार्मोन प्रोफाइल. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन. एफएसएच, म्हणजे पाळी गेली की वाढणारं हार्मोन, ठळक अक्षरात ‘हाय’. अहो माझं वय ५४, तो हाय येणार नाही तर काय येणार? पंचेचाळिशीनंतरच्या बाईला पाळी जातीये की गेलीये हे ठरवायला सहसा या टेस्टची गरजच नसते, वय आणि लक्षणं पुरतात, आणि पाळी जायच्या आधीच्या वर्षांत तर हे आकडे आज एक उद्या एक असे हलतात. पण पॅकेज लठ्ठ दिसायला उपयोगी पडतात. उलट लायपोप्रोटीन ए नावाची टेस्ट, जिच्यातला आकडा आनुवंशिक असतो आणि जी आयुष्यात एकदा केली तरी चालते आणि जिचा हृदयाशी थेट संबंध आहे, ती नव्हती.

मी दुसऱ्या दिवशीचा स्लॉट घेतला नाही. धाडस वगैरे नाही, पतसंस्थेत ऑडिट चालू होतं आणि सुट्टी मिळत नव्हती. त्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने पेठेतल्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. हृदयाच्याच, पण छोटा दवाखाना, पहिला मजला, लाकडी जिना, फी ८००, अपॉइंटमेंट नाही, नंबर लावायचा. दीड तास बसले. त्यांचंही नाव देत नाही कारण मग तो दीड तास तीन तास होईल आणि मला परत जायचंय.

बाईंनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिली पाळी कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, शुगर? बाळ वेळेत झालं का, वजन किती होतं? मी म्हटलं १९९८ ला लेक झाली, आठव्या महिन्यात पायाला एवढी सूज आली होती की नवऱ्याच्या चपला घालून फिरत होते, बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, ॲडमिट करून ठेवलं, आणि पोरगी लवकर झाली, २ किलो १००. ‘हे कुणाला सांगितलं होतंत?’ कुणी विचारलंच नाही हो, सत्तावीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण हार्टच्या डॉक्टरला कोण सांगतं! तर म्हणाल्या, ज्या बायकांना असं झालेलं असतं त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, बीपीचा तर त्याहून जास्त, तेव्हा हे पहिल्यांदा सांगायचं.

मग विचारलं पाळी कधी गेली. म्हटलं गेली नाही, २०१४ मध्ये पिशवी काढली, ४३ वं चालू होतं, गाठी होत्या, अंगावरून खूप जायचं. ‘नुसती पिशवी काढली का अंडाशयंही काढली?’

मला उत्तर येत नव्हतं. खरंच सांगते, चौपन्न वर्षांची शिकलेली बाई, दुसऱ्यांचे हिशोब तपासते, आणि माझ्या पोटातून काय काय काढलं हे मला माहीत नाही. आमच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हा एकच शब्द आहे आणि त्या पिशवीत काय काय भरून नेलं ते कोणी बघत नाही. नवऱ्याकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. बाई म्हणाल्या जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि मग या, दुसऱ्या वेळची फी देऊ नका.

रविवारी नवरा स्टुलावर चढला. माळ्यावर लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, त्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड, लेकीच्या दहावीच्या प्रिलिमचे पेपर, गॅसची पावती आणि तळाला झुरळांनी कडा खाल्लेलं ते कार्ड. कार्बन कॉपी, निळं पुसट अक्षर. ‘टीएएच + बीएसओ’. लेकीने मोबाईलवर बघून सांगितलं, आई, पिशवी आणि दोन्ही बाजूची अंडाशयं, सगळं. नवऱ्याला तेव्हा अंधुक आठवलं की त्या डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘सगळंच काढून टाकू, पुढे कॅन्सरची कटकट नको’ असं त्याला सांगितलं होतं. त्याला. मी आत भुलीच्या टेबलावर होते. सहीच्या कागदावर काय होतं ते मी वाचलं नव्हतं हाही माझाच गाढवपणा.

कार्ड घेऊन परत गेले तेव्हा बाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनाने एक नळी काढली. म्हणाल्या रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, ब्लाउजला असतं तसं, एका पेशीच्या जाडीचं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन या अस्तराच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं, त्याने वाहिनी सैल पडते, रुंद होते, रक्त नीट वाहतं. दुसरं काम लिव्हरमध्ये. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, ते लिव्हर उचलून घेते, आणि उचलणारे हात इस्ट्रोजेन असलं की जास्त असतात. इस्ट्रोजेन गेलं की हात कमी, माल रक्तातच पडून. म्हणून ज्यांची पाळी आपोआप जाते त्यांचंसुद्धा शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एलडीएल एकदम उडी मारतं, अमेरिकेत १९९६ पासून ‘स्वॅन’ नावाचा अभ्यास चालू आहे त्यात हे नीट मोजलंय. चरबी मांड्यांवरून पोटावर येते, वाहिन्या कडक होतात, बीपी चढतं. म्हणजे माझं १५८ हे नुसतं तेलाचं नाही! इतकी वर्षं मी फोडणीला चमच्याने तेल मोजत होते.

‘तुमच्या बाबतीत हे हळूहळू झालं नाही,’ बाई म्हणाल्या, ‘नळ एका दिवसात बंद केला.’ आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास, म्हणजे आपल्या बायका आधीच चार-पाच वर्षं लवकर या रांगेत उभ्या, त्यात ४५ च्या आत दोन्ही अंडाशयं काढली आणि नंतर हार्मोन दिलं नाही तर हृदयविकाराचा धोका आणखी वाढतो. अशा बाईला काही अडचण नसेल तर पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत तरी हार्मोन देण्याचा विचार करतात. मला ऑपरेशननंतर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या आणि जड उचलू नका सांगितलं होतं. मला एकदम बीडच्या ऊसतोड बायका आठवल्या, २०१९ मध्ये पेपरात रोज यायचं, विशी-तिशीतल्या बायकांची गर्भाशयं काढलेली, सरकारने समितीही नेमली होती. तेव्हा आपण पाळीच्या सुट्टीचं आणि मजुरीचं बोललो. त्यातल्या ज्यांची अंडाशयंही गेली त्यांच्या हृदयाचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. माझं स्वतःचं कार्ड माळ्यावर असताना कुठून पडणार.

मग मी विचारलं, साहजिकच, की हे हार्मोन आता गोळीने घेऊन टाकू का. इथे बाईंनी खुर्ची मागे केली आणि पंधरा मिनिटं बोलल्या, बाहेर नंबर वाढत होते. ही गोष्ट सरळ नाही म्हणाल्या. इस्ट्रोजेन चांगलं तर बाहेरून दिलेलंही चांगलं असणार, असं डॉक्टरांनाही वाटायचं. फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून जो मोठा अभ्यास चालू आहे त्यात दिसलंच होतं की एकाच वयाच्या बायकांत पाळी चालू असलेल्यांपेक्षा गेलेल्यांना हृदयविकार जास्त. एकदा तर अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांनाही इस्ट्रोजेन देऊन बघितलं, त्यांना उलट जास्त अटॅक यायला लागले म्हणून १९७० च्या सुमारास थांबवलं. (नवरा इथे पहिल्यांदा नीट ऐकायला लागला.) मग १९९८ मध्ये ‘हर्स’ नावाची ट्रायल आली, आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका, निम्म्यांना हार्मोन निम्म्यांना खोटी गोळी. एकूण फायदा शून्य आणि पहिल्या वर्षी अटॅक जास्त. आणि २००२ च्या जुलैमध्ये मोठा धक्का, ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’, १६,६०८ बायका, मधेच थांबवावी लागली. १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयाचे ७ रुग्ण जास्त, स्ट्रोकचे ८ जास्त, ब्रेस्ट कॅन्सरचे ८ जास्त. त्यात वापरलेलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीपासून काढलेलं. हे ऐकून मी तोंड वाकडं केलं तर बाई म्हणाल्या त्याचं काही नाही, मुद्दा वयाचा आहे. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली.

मग लोकांनी वेळ तपासायला घेतली. २०१६ मध्ये ‘एलिट’ नावाची ट्रायल छापून आली, ६४३ बायका, त्यांचे दोन गट, पाळी जाऊन सहा वर्षं पण न झालेल्या आणि दहा वर्षं उलटून गेलेल्या. दोन्हीकडे इस्ट्राडिओल विरुद्ध खोटी गोळी. मानेतल्या वाहिनीच्या भिंतीची जाडी मोजत राहिले. पहिल्या गटात हार्मोन घेणाऱ्यांची भिंत हळू जाड झाली, दुसऱ्या गटात काहीच फरक नाही. अस्तर शाबूत असेल तोवर इस्ट्रोजेन त्याला जपतं, एकदा आत थर साचले की मग त्याला करण्यासारखं फारसं उरत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. पण तिथेही जाडीच मोजली होती, अटॅक कमी झाले असं सिद्ध झालेलं नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. म्हणून नुसतं हृदय वाचवायला हार्मोन देत नाहीत. ज्यांना वाफा, घाम, झोप उडणं याचा खरंच त्रास आहे, वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नाहीत, त्यांना तपासून देतात, आणि कातडीवर लावायचं जेल किंवा पट्टी घेतली तर गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळीचा धोका कमी दिसतो.

‘तुम्हाला ११ वर्षं झाली. तुमची गाडी गेली,’ एवढं स्पष्ट. पुणेरी डॉक्टर आहेत. पण आवडलं मला. अँजिओग्राफीच्या टायवाल्या मुलापेक्षा बरं.

टीएमटीचं म्हणाल तर बाईंनी तो कागद खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाल्या, बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि तुम्ही छातीत न दुखता नऊ मिनिटं चालल्या आहात. स्ट्रेस इको, म्हणजे हृदयाला दमवून त्याची सोनोग्राफी, करून घेतला, नॉर्मल. मग सीटी स्कॅनवर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत किती चुना साठलाय ते. शून्य आला असता तर उत्तम. माझा ३८ आला. म्हणजे अँजिओग्राफीची घाई नाही, पण काहीच नाही असंही नाही, थर बसायला सुरुवात झालेली आहे. ज्यांना चालताना खरंच छातीत भरून येतं त्यांनी माझं बघून अँजिओग्राफी टाळू नये, एवढं कृपा करून लक्षात घ्या, माझी गोष्ट माझ्या रिपोर्टची आहे.

आता रात्री एक स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, सकाळी एक बीपीची. सहा आठवड्यांनी एलडीएल ८४. घरी बीपीचं मशीन आणलं, वरच्या दंडाचं, ते आता सोसायटीतल्या निम्म्या बायकांचं झालंय, संध्याकाळी कोणीतरी ‘जरा बघता का’ म्हणून येतंच. बाईंनी चालायला सांगितलं म्हणून एआरएआयच्या टेकडीवर जाते, तिथे सकाळी इतकी गर्दी असते की टेकडी आहे का लक्ष्मी रोड कळत नाही.

लेकीलाही घेऊन गेले. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयांच्या हार्मोनचा घोळ, आहे, २७ वर्षांची, पाळी अनियमित म्हणून दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेत होती. बाईंनी विचारलं, गोळी सुरू करण्याआधी बीपी बघितलं होतं का? नव्हतं. सिगारेट? लेक माझ्याकडे बघून ‘नाही’ म्हणाली, ते ‘नाही’ मला फारसं पटलेलं नाही पण तो वेगळा रिव्ह्यू होईल. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका थोडा वाढतो आणि पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईला त्या देतच नाहीत. तेच इस्ट्रोजेन अंडाशयातून आलं तर राखण करतं आणि गोळीतून आलं तर बीपी बघायला लागतं, मला हे पचायला वेळ लागला.

तर पॅकेज घ्यावं का? रक्त, बीपी, शुगर बघायचीच असेल आणि ऑफर असेल तर घ्या, सिस्टर चांगल्या आहेत, उपमा खा. बूट न्या. वायरी लावायला लेडीज हवी असेल तर बुकिंगलाच सांगा. हार्मोनचा गठ्ठा वगळून पैसे कमी करता का विचारा, मी विचारलं होतं, करत नाहीत. आणि तिथल्या फॉर्मवर जागा नसली तरी समासात स्वतःच्या हाताने लिहा, गरोदरपणात बीपी होतं का, शुगर होती का, पाळी कितव्या वर्षी गेली, ऑपरेशनने गेली असेल तर काय काय काढलं. मी ऑडिटवाली आहे, समासातली नोंदच पुढे कामाला येते हे मी तीस वर्षं बघितलंय. हॉस्पिटलला मी हे सगळं फीडबॅकमध्ये पाठवलं, उत्तर आलं ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ आणि खाली पुढच्या वर्षीच्या पॅकेजवर २० टक्के सूट.

गेल्या आठवड्यात साताऱ्याला गेले होते. जाऊबाईंना विचारलं, ताई, तुमचीपण पिशवी काढली होती ना? तर म्हणाल्या हो गं, ३९ व्या वर्षी. अंडाशयं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्या बाईंकडे बघितलं होतं. कार्ड कुठेय विचारलं तर म्हणाल्या घर बांधलं तेव्हा सगळे कागद गेले. मग भाऊजींनी स्कूटर काढली आणि आम्ही त्या नर्सिंग होमला गेलो. खाली मोबाईलचं दुकान, वर क्लासेस. डॉक्टर वारून सहा वर्षं झाली, मुलगा अमेरिकेत. दुकानदार म्हणाला जुन्या फायली होत्या वर, पोतीच्या पोती, रद्दीवाल्याला दिल्या.

आता सोनोग्राफीत अठ्ठावन्नाव्या वर्षी अंडाशयं आहेत का नाहीत ते दिसतं का, हे पुढच्या वेळी बाईंना विचारायचंय. वयाने आक्रसतात म्हणे, सापडत नाहीत नीट. नंबर लावून ठेवलाय, मंगळवारचा.